जनूकाकाचा अंगठा

वेणूआत्याने चुलीवर कालवण ठेवलं आणि धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या जनूकाकाला, वांगणीला मीठ आणायला पिटाळलं. काका वयाने चाळिशीचा, अकलेने सात वर्षांचा. तो परत आलाच नाही. "भूक लागली की येईल," म्हणत माझ्या तिघा भावांनी पोलिसात तक्रारही दिली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, दोन हजार सातमध्ये, एका बिल्डरच्या नजरेत आमची जमीन भरली. सातबाऱ्यावर काकाचं नाव, म्हणजे त्याचा अंगठा हवाच. लगेच तिघांनाही काकाचा उमाळा आला. एक बदलापूरला धावला, एक अंबरनाथला, एक उल्हासनगरला, आणि रविवारी तिघांनीही आपापला जनूकाका आणून ओटीवर बसवला. उल्हासनगरवाला तर चक्क सिंधीत बोलत होता. अंगठे मात्र तिघांचेही शाबूत होते.

खरा कोणता यावरून भाऊ हातघाईवर आले, तेव्हा बिल्डर वैतागून म्हणाला, "आत्याला विचारा ना. ती बोलेल तो फायनल."

वेणूआत्या बाहेर आली. तिने एकेकाच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि हात पुढे केला.



"माजं मीठ?"