चाकाखालचं लिंबू

चाकाखाली लिंबू ठेवून, नारळ फोडून शालनताईंनी किल्ली फिरवली, तशी जुनी कॅम्परव्हॅन एकदा खोकली आणि गप्प झाली. नर्स म्हणून चौतीस वर्षं वॉर्डातल्या हाकांना ओ देऊन थकलेल्या ताईंनी, चार दिवस कोकणात जावं, कुणाचीच हाक नको म्हणून, ही आयुष्यातली पहिली गाडी घेतली होती.

"लिंबू चिरडल्याशिवाय ठेवू नये," म्हणत शेजाऱ्यांनी गाडी हातभर ढकलली.

"आलं का गं कोकण?" नवरा हसला.

त्या उठून गाडीच्या मागच्या भागात शिरल्या आणि दार लावून तिथल्या अरुंद गादीवर आडव्या झाल्या.

जरा वेळाने काचेवर टकटक झाली. "अगं, माझा चष्मा कुठंय?"

"मी गावाला गेलेय," आतून आवाज आला.

काचेवरचा हात खाली आला. मग नवरा हळूच म्हणाला, "बरं. पोचलीस की कळव."