आत्याच्या गालावरचा उजेड

"बाटली रिकामी आहे, ताई," मुजावर म्हणाला आणि ती उलटी करून दाखवली. बाबांच्या या शेवटच्या विद्यार्थ्याचा प्रबंध त्या चिमूटभर झिंक ऑक्साइडवर अडला होता. सोळा नमुने फसल्यावर, वारण्याआधी बाबांनी तांबं मिसळून एवढाच एक भाजला होता.

"ती पावडर होय?" कुंदाआत्याने दारातून विचारलं. "दादाच्या टेबलावर दिसली. घामोळ्यांना बरी म्हणून आत्ताच तोंडाला चोपडली."

मुजावरने खिडकी लावली, आत्याला डोळे मिटायला सांगितलं आणि अतिनील किरणांचा दिवा पेटवला. आत्याचे दोन्ही गाल कैरीसारखे हिरवे उजळले.

"शुद्ध भुकटी अशी चमकत नाही," तो हरखला. "तांबं मिसळून भाजताना ऑक्सिजनचे अणू निसटून जागा रिकाम्या राहिल्या, की तिथून असा उजेड येतो. सरांना हेच हवं होतं, आणि जमलं होतं!"

"मग आता तोंड धुऊ?"

"अजिबात नाही!" आम्ही दोघं ओरडलो.

मऊ ब्रशने त्याने एक गाल बाटलीत झाडून घेतला. मी चिठ्ठी डकवली: नमुना सतरा, डावा गाल.

बाबा एका मोजमापावर कधीच विश्वास ठेवत नसत. मी आत्याला म्हटलं, "आता उजवा."