नर पपई

दोन जावांमध्ये एक कुंपण आणि तीन वर्षांचा अबोला. थोरलीकडची पपईची झाडं फळांनी लगडलेली. धाकटीच्या एकुलत्या झाडाला मात्र नुसतेच फुलांचे लोंबते तुरे.

एका सकाळी धाकटीने माळ्याला बोलावलं आणि पलीकडे नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "तोडून टाका हो! नुसतं आयतं खाऊन उभं आहे."

माळ्याने कोयता उचलला, तशी थोरली साबणाच्या हातांनी धावत आली.

"अगं बये, थांब! नर आहे तो! त्याचा पराग वाऱ्याने नि पाखरांनी इकडे येतो, म्हणून माझ्या झाडांना फळं धरतात!"

"अगंबाई! म्हणजे बाप आमच्याकडे आणि लेकरं तुमच्याकडे?"

थोरलीला हसू आवरेना. तिने सगळ्यांत मोठी पिकली पपई काढून कुंपणावरून दिली आणि मागोमाग स्वतःही आली. दोन कप चहा झाला, तरी गप्पा संपेनात.

ती गेल्यावर माळ्याने विचारलं, "मग ताई, तोडू की नको?"

"वेडे की काय! अकरा वर्षं शाळेत परागीभवन शिकवतेय मी."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"त्याशिवाय जाऊबाई बोलल्या असत्या का?"