वापरात नसलेली लाइन

शुभम प्लंबरनं फ्लशची टाकी भिंतीवरून उतरवली आणि कौशल्याच्या पलंगासमोरून बाहेर नेली. पलंगाच्या कठड्यातून तिनं ती जाताना पाहिली. आत आता नुसता कमोड उरला होता. तो उखडला, खालच्या पाइपाला टोपी बसली, वर सिमेंट पडलं, की तिथं सांभाळणाऱ्या बाईची खाट येणार होती.

वासामुळं हे सगळं निघालं. तिला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून खोलीला लागून असलेला हा संडास कोणी वापरत नव्हतं. भांड्याच्या वाकात पाणी साठून राहतं, ते खालची घाण हवा अडवून धरतं. उन्हाळ्यात ते आटून गेलं होतं. एक बादली ओतली असती तरी वास थांबला असता. कौशल्याला हे कळत होतं, पण उजव्या अंगाबरोबर तिची वाचाही गेली होती.

तिच्या नवऱ्यानं, मारोतरावांनी, प्लांटमधला उपाय काढला. त्यांचा जन्म कारखान्यातल्या गॅसच्या लाइनींवर गेला होता.

"वापरात नसलेली लाइन उघडी ठेवाची नाही," तिची उशी सारखी करत ते म्हणाले. "तुले आता तिथं कुठं जा लागते?"

आवाज मऊ होता. अडचण तीच होती. वैशाखात ती एकदा उठून तिकडं निघाली आणि पडली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी उभं राहून पलंगाला लोखंडी कठडा वेल्ड करून घेतला. त्याची खिटी नीट बसली की नाही ते रोज हातानं चाचपून पाहत. तिचे डायपर ते स्वतः बदलत, कपाळाला आठी न पाडता. एवढ्या मायेला नाही म्हणायला शब्द लागतात. ती डावा हात उचलून संडासाच्या दाराकडं दाखवी. ते उठून पंखा वाढवत.

दुपारी ते पुढच्या खोलीत घोरू लागले की ती खिटी काढून पाय खाली सोडत असे, हे त्यांना माहीत नव्हतं. प्लास्टिकची खुर्ची धरून ती उभीही राहत असे. दारापर्यंत मात्र अजून पोचली नव्हती.

टोपी आणायला शुभम निघाला. माप चुकायला नको म्हणून मारोतराव त्याच्या गाडीवर मागं बसले. जाण्याआधी त्यांनी खिटी चाचपली.

गाडीचा आवाज विरला तशी तिनं खिटी काढली. खुर्ची सरकली, मागून ती सरकली. पुन्हा खुर्ची. उजवा पाय पोत्यासारखा ओढत येत होता. दाराशेजारी खिळ्याला मारोतरावांचा लाल टॅग टांगलेला होता, रिटायर झाल्या दिवशी घरी आणलेला. दुरुस्तीला लाइनीवर गेलं की तो लावायचा; तो असेपर्यंत त्या लाइनीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. वर 'आदमी काम पर है', खाली त्यांचं नाव. त्या टॅगची गोष्ट जेवताना ऐकून ऐकून तिला पाठ झाली होती: मोठे साहेब घाई करत आले, तरी यांनी त्यांना हात लावू दिला नाही. ज्यानं लावला त्यानंच काढायचा, समोर कोणी का असेना.

टॅग तिनं खिळ्यावरून काढला.

गाडी परत आली तेव्हा ती आत बसलेली होती, कडी लावून. टॅग दाराच्या बाहेरच्या कडीला लटकत होता. बाहेर चपला पलंगापाशी थबकल्या. मग दाराशी आल्या.

"कौशल्या?"

तिनं डाव्या मुठीनं दारावर एक ठोका दिला.

"अंकल, नाम तो आपका ही लिखा है," शुभम म्हणाला. "निकाल दो ना. दरवाजा एक धक्के में खुल जाएगा."

"हात नको लावू." मारोतरावांचा आवाज आता खालून येत होता. ते जमिनीवर बसले असावेत. "नाव माझं हाये, पन लावला मी नाही. जिनं लावला, ते कामावर हाये. टोपी राहू दे. बादलीभर पानी आन."