मुळांवरच्या गाठी

वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी गॅलरीतलं घेवड्याचं रोप मोठ्या कुंडीत हलवायला उपटलं, मुळांवर गाठी पाहिल्या आणि रोग लागला म्हणून ते कचऱ्यात टाकायला निघाले. तीस वर्षं याच गाठी त्यांनी फळ्यावर काढल्या होत्या. प्रत्यक्ष भेट आजच होत होती.

त्यांच्याच विषयात नापास झालेली मुलगी आडवी आली. सोमवारी तिची फेरपरीक्षा होती. तिने नखाने एक गाठ फोडली. आतून ती गुलाबी होती.

"बाबा, हा रोग नाही. आतून गुलाबी म्हणजे गाठ जिवंत आहे. यातले जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचा अमोनिया करतात. रोप त्यांना साखर पुरवतं आणि त्या अमोनियापासून आधी ग्लुटामिन, मग बाकीची अमिनो आम्लं बनवतं. शेंगेतली प्रथिनं त्यातूनच येतात."

"एवढं कळतंय, तर पेपरात काय दिवे लावलेस?"

"पेपरात तुमच्या नोट्स पाठ करून लिहिल्या होत्या."

प्राध्यापकांनी रोप हळूच मोठ्या कुंडीत लावलं, हात धुतले आणि खिशातलं पेन काढलं.

"पुन्हा सांग बरं. जरा सावकाश, मी लिहून घेतो."