पदराच्या गाठीतला तांदूळ

"इतका तांदूळ कशाला वो, मावशी?" बाजारातल्या दुकानदाराने सोमारीला विचारलं.

"पोराचं लगीन आहे ना."

"जंगलवाल्यांना जेवू घालता, असं म्हणतील छावणीतले. पोतं रस्त्यातच धरतील." त्याने पायलीभरच दिला.

नक्षलवाद्यांना पकडायला गावाशेजारी पोलिसांची छावणी आल्यापासून हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून लग्नाला आलेल्या प्रत्येक बाईने पदराच्या गाठीत आपल्यापुरता तांदूळ आणला. सोमारी ओशाळली, पण हंडा भरत गेला.

दुपारी तिचा धाकटा भाऊ खांद्यावर भरलेलं पोतं घेऊन मांडवात शिरला. "घे ताई, आता पोटभर वाढ सगळ्यांना!"

जवळच्या बायका मागे सरकल्या. सोमारीने पोत्याला हात लावला नाही.

"छावणीसमोरूनच आलास ना?" तिने हळूच विचारलं. "मग तुला कोणी कसं अडवलं नाही?"