कड्यावरची वाट

कुठलाही कडा दिसला की मला रायगडावरची ती गवळण आठवते, आणि आठवली की मी तिची गोष्ट सांगतेच. ॲरिझोनातल्या त्या लाल कॅन्यनच्या काठावर उभं राहून मी ती आमच्या गाइडलाही सांगितली. साठीच्या बाई, तिथल्याच आदिवासी जमातीच्या.

"झालं हिचं सुरू," कॅमेऱ्यातला रोल बदलत माझा नवरा शंतनू म्हणाला.

गडावर दूध घालायला आलेली बाई, बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. गाइडबाई अगदी कान देऊन ऐकत होत्या.

"मग राजाने काय केलं?"

"सत्कार केला तिचा! आणि ती उतरली तिथे बुरूज बांधला. तिच्या नावाचा."

"म्हणजे वाट बंद केली."

असा विचार मी कधीच केला नव्हता.

बाईंनी समोरच्या कड्याच्या मध्यावरची एक गुहा दाखवली. "फार पूर्वी गोरे सैनिक आले तेव्हा आमची माणसं तिथे लपली होती. शंभरेक. खालून किती शोधलं तरी सैनिकांना वाट सापडेना. एक आई मेंढ्यांमागे खालीच राहिली होती. तिचं तान्हं बाळ वर गुहेत. अंधार पडल्यावर ती कडा चढायला लागली."

"पोचली?" मी न राहवून विचारलं.

"पोचली," बाई म्हणाल्या. "तिच्या मागोमाग सैनिकही पोचले."